काजूचा धंदा, वडिलांचं कर्ज आणि रात्री तीनची भीती

प्रश्न असा आहे. वेंगुर्ले तालुक्यातल्या एक ताई, वय 32, काजू कारखान्यात प्रतवारीच्या टेबलावर काम करतात. बी वाफवण्यापासून गर डब्यात भरेपर्यंतचं सगळं काम त्यांना येतं. घराच्या मागच्या पडवीत स्वतःचं छोटं युनिट सुरू करायचं त्यांच्या मनात आहे. अडचण अशी की वडिलांनी पूर्वी याच धंद्यात कर्ज काढलं होतं, माल घेऊन ठेवल्यावर भाव पडला आणि ते कर्ज फेडण्यात घराची कितीतरी वर्षं गेली. वडील आता नाहीत. त्यांची हिशेबाची वही माळ्यावर आहे, ती उघडवत नाही. ताई लिहितात: ‘बँकेचा अर्ज समोर घेतला की हात गार पडतात. अर्ज परत पिशवीत ठेवला की बरं वाटतं. रात्री तीनला जाग येते ती हिशेब करतच. मोबाईलवर सगळे सांगतात, भीतीलाच ताकद बनवा. माझी भीती तर मला खाली बसवते. ती गेल्यावर सुरुवात करू, की आहे तशीच करू?’

ताई, भीती जायची वाट बघू नका. सुरुवात करण्याआधी ती जाणार नाही. कुडाळ-सावंतवाडी पट्ट्यात मी बरीच वर्षं समुपदेशन करते आहे. मोठं काही करून दाखवलेली जी माणसं माझ्यासमोर बसली, त्यांतल्या कुणीही ‘आधी भीती गेली, मग केलं’ असं सांगितलेलं नाही. थोडं करून झालं की भीती थोडी उतरते, मग अजून थोडं करता येतं, असाच क्रम असतो. पण मोबाईलवरचं ते वाक्यही जसंच्या तसं घेऊ नका. भीतीत जोर असतो हे खरं. तो जोर लांब पळण्याचा असतो. कशापासून पळायचं एवढंच भीतीला कळतं, कुठे जायचं ते तिला ठाऊक नसतं. ते आपल्याला ठरवावं लागतं. एकदा ते ठरलं की तोच जोर कामाला येतो. तुमच्या बाबतीत हे कसं करता येईल ते लिहिते.

आधी शरीराचं, कारण गार पडणाऱ्या हातांमुळे तुम्हाला वाटतंय की आपल्यातच काही कमी आहे. मेंदूत अमिग्डाला नावाचा छोटासा भाग असतो. धोका जाणवला की विचार पुरा व्हायच्या आत तो शरीराला सूचना देतो. अ‍ॅड्रेनलिन वाढतं, हृदय जोरात चालतं, बोटांतलं रक्त कमी होऊन मोठ्या स्नायूंकडे वळतं. म्हणून बोटं गार पडतात. पायवाटेवर फुरसं दिसलं तर हीच तयारी जीव वाचवते. बँकेच्या अर्जापासून मात्र उडी मारून लांब व्हायचं नसतं, त्यामुळे सगळी तयारी वापराविना छातीत धडधडत राहते. अशा वेळी चार मोजत श्वास आत घ्या आणि सहा मोजत बाहेर सोडा. पाच मिनिटं. उच्छ्वास लांबला की ठोके उतरतात, यात श्रद्धेचा भाग नाही, शरीर तसंच बनलेलं आहे.

दुसरं म्हणजे त्या क्षणी स्वतःला ‘शांत हो, शांत हो’ असं दटावू नका. हार्वर्ड विद्यापीठाच्या संशोधक अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी 2014 मध्ये या विषयावरचे प्रयोग प्रसिद्ध केले. लोकांना अनोळखी माणसांसमोर गायला, भाषण करायला, गणितं सोडवायला लावलं. सुरू करण्याआधी ज्यांनी ‘मी उत्सुक आहे’ असं मोठ्याने म्हटलं, त्यांचं काम ‘मी शांत आहे’ म्हणणाऱ्यांपेक्षा चांगलं झालं. धडधड दोघांचीही होती. धडधडणाऱ्या शरीराला शांत करणं अवघड असतं, पण ती धडधड कशासाठी आहे हे त्याला सांगता येतं. अर्ज उघडताना ‘माका ह्या करूचा आसा’ असं तोंडाने म्हणा. मनात नको, ऐकू येईल असं म्हणा.

आता तुमच्या पत्रातल्या मला सगळ्यात महत्त्वाच्या वाटलेल्या वाक्याकडे येते: ‘अर्ज परत पिशवीत ठेवला की बरं वाटतं.’ भीती टिकते ती याच बरं वाटण्यामुळे. ओ. एच. मौरर या मानसशास्त्रज्ञाने 1947 साली हे नीट मांडलं. घाबरवणाऱ्या गोष्टीपासून लांब गेलं की लगेच सुटका वाटते. ती सुटका म्हणजे मेंदूला मिळालेलं बक्षीस असतं. मेंदू त्यातून शिकतो की लांब गेलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी तो आणखी लवकर लांब न्यायला लागतो. आधी अर्ज भरताना हात गार पडतात, मग पिशवी बघून पडतात, मग बँकेच्या रस्त्याला लागलं तरी पडतात. आणि या सगळ्या काळात बँकेने तुमचं खरोखर काहीही वाईट केलेलं नसतं. तिथे काय झालं असतं हे तपासायची संधीच मेंदूला मिळालेली नसते.

हे टाळणं नेहमी टाळण्यासारखं दिसत नाही, म्हणून एक उदाहरण सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. स्पर्धा परीक्षेचा एक मुलगा यायचा. नापास होण्याच्या भीतीने पहाटेपासून रात्रीपर्यंत वाचत बसायचा. घरचे म्हणायचे, भीतीने बघा कसा अभ्यासाला लागलाय. पण सराव परीक्षा तो देत नव्हता. ‘अजून थोडा होऊ दे, मग देतो.’ भीतीने त्याला तास भरपूर दिले होते, पण त्या तासांत काय करायचं हेही भीतीनेच ठरवलं होतं, आणि तिने नेमकी तीच गोष्ट वगळली जिच्यात कमी मार्क दिसण्याचा धोका होता. तुमच्या पत्रात मशीनच्या व्हिडिओंचा उल्लेख बऱ्याच वेळा आला आहे. कटरचे भाव, ड्रायरचे भाव, कुठल्या कंपनीचं चांगलं. ही माहिती लागणारच आहे. तरी रोज रात्री झोपताना स्वतःला एक प्रश्न विचारा: आज मी असं काय केलं ज्याला समोरून ‘नाही’ असं उत्तर येऊ शकलं असतं? आठवडाभर उत्तर ‘काहीच नाही’ असं आलं, तर ती तयारी भीतीचीच आहे असं समजा.

रात्री तीनच्या हिशेबाबद्दल. तो करू नका. हे मी हलक्याने सांगत नाही. जाग येणं आपल्या हातात नसतं हे मला माहीत आहे, पण त्या वेळी निघणारी बेरीज विश्वासाची नसते. 1908 साली रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन या अमेरिकी संशोधकांनी उंदरांना दोन पेट्यांतली बरोबर पेटी ओळखायला शिकवलं. चूक झाली की विजेचा झटका. पेट्यांतला फरक ठळक होता तेव्हा जोराच्या झटक्याने उंदीर लवकर शिकले. फरक बारीक केला तेव्हा जोराच्या झटक्याने त्यांचं शिकणं लांबलं, मध्यम झटकाच बरा ठरला. पुढे माणसांच्या बाबतीतही साधारण हेच दिसत आलं आहे. अंगमेहनतीच्या, सरळसोट कामाला जास्त भीती चालते, कधी कधी मदतही करते. पाऊस यायच्या आत खळ्यातली बी आत घ्यायची असेल तर घाबरलेला माणूस दुप्पट वेगाने गोणी उचलतो. पण कर्जाचा कागद वाचायचा, भाव ठरवायचा, कुणाला उधार द्यायचं ते ठरवायचं, ही बारीक फरक ओळखण्याची कामं आहेत. ती जोराच्या भीतीत बिघडतात. म्हणून उशाशी वही ठेवा, तीनला जो आकडा मनात येईल तो फक्त लिहा आणि पुढे ‘सकाळी 10’ असं लिहून वही मिटा. सकाळी दहाला, चहा पिऊन, उजेडात तो आकडा सोडवा. हे रोज पाळलं की थोड्या दिवसांत जाग कमी त्रास देते.

सकाळी काय सोडवायचं? इथे भीतीचे भाग पाडावे लागतात. तुमच्या पत्रात मला तीन वेगळ्या भीती दिसतात आणि तिघींना एकच औषध चालत नाही.

पहिली भीती पैशाची. ही सगळ्यात उपयोगी, कारण तिच्यात माहिती आहे. बंदरावर वादळी वाऱ्याचा इशारा देणारा तीन नंबरचा बावटा लागला की मच्छीमार होडी बाहेर काढत नाही, बाहेरच्या राज्यांतल्या बोटीसुद्धा देवगड बंदरात येऊन उभ्या राहतात. बावटा बघून कुणी स्वतःला भित्रा म्हणत नाही की मासेमारी सोडून देत नाही. तो दोर आवळतो, जाळी शिवतो, हवामानाची बातमी ऐकतो आणि बावटा उतरला की निघतो. तुमची पैशाची भीती तशी वाचा. ती ‘धंदा करू नको’ असं म्हणत नाहीये. तिला काहीतरी तपासून हवं आहे. काय तपासायचं ते तिलाच विचारायचं, आणि ते प्रश्नाच्या रूपात लिहायचं. ‘भाव पडला तर मी बुडेन’ हे वाक्य आहे, त्यावर काही करता येत नाही. ‘भाव किलोमागे 10 रुपयांनी पडला तर माझं नेमकं किती जाईल?’ हा प्रश्न आहे, आणि त्याला उत्तर आहे.

ते उत्तर काढूनच बघू. तुम्हाला माहीत आहे की साधारण चार किलो बीमागे एक किलो गर पडतो. पहिल्या हंगामात 400 किलो बी घेतली तर शंभरेक किलो गर, त्यात अख्खा किती, पाकळी किती, कणी किती ते तुमच्या हाताला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बीचा भाव घेतल्यानंतर 10 रुपयांनी पडला तर तुमचे 4,000 रुपये गेले. 25 रुपयांनी पडला तर 10,000. हाच हिशेब चार टनांचा मांडा: 40,000 आणि एक लाख. आता स्वतःला विचारा, यातला कुठला आकडा घर सहन करू शकतं? 4,000 रुपये गेले तर वाईट वाटेल, पण चूल बंद पडणार नाही. एक लाख गेले तर तीच जुनी वर्षं परत. म्हणजे तुमची भीती काजूला नाही, कर्जालाही सरसकट नाही. हंगामाच्या सुरुवातीलाच उसन्या पैशाने मोठा साठा करण्याला आहे. त्या बाबतीत ती शंभर टक्के बरोबर आहे. तिचं ऐका. मार्च ते मे याच काळात वर्षभराची बी भरून ठेवायची हा या धंद्याचा मुख्य धोका आहे, आणि पहिल्याच वर्षी तो अंगावर घ्यायची गरज नाही.

यातून कामांची यादी आपोआप निघते, आणि भीतीचा जोर इथे लागतो. 400 किलो बी स्वतःच्या बचतीतून घेता येईल का? दोन-तीन उन्हं दाखवून ती नीट वाळवून ठेवायला कोरडी जागा आहे का? पहिल्या वर्षी मशीन न घेता ओळखीच्या युनिटमध्ये मजुरी देऊन बी फोडून घेता येईल का, आणि साल काढणं, प्रतवारी, पॅकिंग तेवढं घरी करता येईल का? डब्ल्यू-320 म्हणजे एका पौंडात 300 ते 320 गर, हे गिऱ्हाईकाला समजावून सांगून चांगला भाव मागणारे विकणारे किती आहेत? तुम्ही ते करू शकता. कर्जाचं बघायचंच तर प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना 2020 मध्ये सुरू झाली, तिच्यात पात्र खर्चाच्या 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख रुपयांपर्यंत अनुदान ठरवलेलं आहे. ते बँकेच्या कर्जाशी जोडलेलं असतं. सध्याची मुदत आणि अटी तालुका कृषी कार्यालयात विचारून घ्या. पण माझं स्पष्ट मत आहे, अनुदान मिळतंय म्हणून कर्ज मोठं काढू नका. शंभर किलो गर स्वतः विकून झाल्याशिवाय तो अर्ज पुढे सरकवायची घाई नाही. वेंगुर्ल्यातच फळ संशोधन केंद्र आहे, वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 या काजूच्या जाती तिथूनच आल्या. कुठल्या बागेतली, कुठल्या जातीची बी घ्यायची हे तिथे जाऊन विचारणं हीसुद्धा भीतीने सुचवलेलीच पायरी आहे.

दुसरी भीती वडिलांच्या वहीची. हिच्याबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण माझ्या मते तुमचं पहिलं पाऊल बँकेत नाही, माळ्यावर आहे.

मेंदू धोका लक्षात ठेवताना तपशील गाळतो. लहानपणी घरात जे बघितलं त्यातून तुमच्या मनात ‘काजू, कर्ज, बुडणं’ असा एकच गठ्ठा बसला आहे. तो सोडवायला वही लागेल. वडिलांनी किती बी घेतली होती, कुठल्या भावाने, व्याज किती होतं, माल एकाच व्यापाऱ्याला दिला होता का, पैसे कधी आले. ही उत्तरं मिळाली की ‘धंद्याने बाबांना बुडवलं’ याच्या जागी काहीतरी नेमकं उभं राहील. कदाचित कळेल की भाव पडला त्यापेक्षा व्यापाऱ्याने पैसे लांबवले हे जास्त बाधलं. कदाचित कळेल की व्याजानेच घात केला. जे असेल ते, ती तुमच्या घराने फार मोठी किंमत देऊन मिळवलेली माहिती आहे आणि ती तुम्हाला वापरता येईल. वडिलांच्या कष्टाचा मान राखायचा हाही एक मार्ग आहे असं मला मनापासून वाटतं.

उघडायची कशी? पायरी-पायरीने. 1924 साली मानसशास्त्रज्ञ मेरी कव्हर जोन्स यांनी पीटर नावाच्या, सशाला घाबरणाऱ्या लहान मुलाची भीती घालवली. मुलगा त्याच्या आवडीचं खात असायचा, आणि पिंजऱ्यातला ससा खोलीत लांब ठेवून दर वेळी थोडा जवळ आणला जायचा. शेवटी तो सशाला हात लावायला लागला. शंभर वर्षं झाली, पद्धतीत सुधारणा झाल्या, पण गाभा तोच आहे. पहिल्या दिवशी वही फक्त खाली काढा, धूळ झटका, टेबलावर ठेवा. दुसऱ्या दिवशी पहिलं पान. बाबांचं अक्षर बघून रडू येईल तर येऊ दे, पण लगेच मिटू नका. छातीतलं दडपण थोडं उतरेपर्यंत पान समोर राहू द्या, मग मिटा. दडपण शिखरावर असताना मिटलीत तर पुन्हा तीच सुटका आणि तोच जुना धडा. उघडण्याआधी कागदावर एक ओळ लिहा: ‘वही उघडली तर काय होईल असं मला वाटतं?’ नंतर त्याच्याखाली लिहा, खरं काय झालं. या दोन ओळींतला फरक मेंदूला जे शिकवतो ते कुठल्याही प्रेरणादायी भाषणाने शिकवता येत नाही. हीच दोन ओळींची पद्धत बँकेसाठी, दुकानदारांसाठी, सगळ्यासाठी वापरा. एक मात्र ध्यानात ठेवा: जुनी भीती पुसली जात नाही, तिच्या शेजारी नवं शिकणं उभं राहतं. म्हणून वर्षभराने एखाद्या नव्या ऑफिसात हात परत गार पडले तर सगळं फुकट गेलं असं समजू नका. पायऱ्या परत चढायच्या, या वेळी कमी वेळ लागतो.

आईला आत्ता सांगू की सगळं जमल्यावर, असंही तुम्ही पत्राच्या शेवटी विचारलं आहे. आत्ता सांगा, आणि वहीच्या निमित्ताने सांगा. जमल्यावर सांगायचं ठरवलं तर लपवण्याची आणखी एक भीती डोक्यावर येते आणि तिच्यात धंद्याला लागणारा जोर वाया जातो. ‘आई, मी युनिट घालतेय’ असं एकदम म्हणू नका, तिच्यासमोर ते सगळं जुनं उभं राहील. ‘आई, 400 किलो बी घेऊन बघणार आहे, बचतीतले पैसे आहेत, जास्तीत जास्त दहा हजार जातील’ असं आकड्यासकट सांगा. ती नाही म्हणेल. रागावेलही. तिचा राग ही तिची भीती आहे, तिच्याशी वाद घालू नका. तिला वहीतलं विचारा. त्या हिशेबाची साक्षीदार आता तीच आहे.

तिसरी भीती लोकांची. तुम्ही ती एका ओळीत उरकली आहे, पण माझ्या अनुभवात आपल्याकडे ती पैशाच्या भीतीइतकीच माणसाला थांबवते. वाडीत सगळ्यांना सगळं माहीत असतं. तिठ्यावर, बाजारात, जत्रेत कुणीतरी म्हणणारच: ‘बापाशीचा काय झाला ता इसारलंस काय?’ या भीतीत माहिती नसते. तिचा प्रश्न करून उत्तर काढता येत नाही, कारण लोक बोलतील का याचं उत्तर ‘हो’ असंच आहे. इथे वेगळं काम करावं लागतं.

अल्बर्ट एलिस हे विवेकनिष्ठ मानसोपचाराचे जनक. मराठीत हा विचार कि. मो. फडके यांनी रुजवला. एलिस तरुणपणी मुलींशी बोलायला फार घाबरत. एकोणीस वर्षांचे असताना त्यांनी न्यूयॉर्कमधल्या एका वनस्पती उद्यानात जाऊन, बाकावर एकट्या बसलेल्या शंभरेक अनोळखी स्त्रियांशी महिनाभरात स्वतःहून बोलायचं ठरवलं आणि ते पार पाडलं. बऱ्याच जणी उठून गेल्या. एकीनेच भेटायला यायचं कबूल केलं आणि तीही आली नाही. बाहेरून बघितलं तर सपशेल अपयश. पण एलिस सांगत की नकारांचा ढीग पडूनही भयंकर असं काही घडलं नाही, हे कळलं आणि भीती गेली. पुढे 1955 च्या सुमारास त्यांनी आपली उपचारपद्धती मांडली. लोक नावं ठेवणार नाहीत अशी हमी ती देत नाही. नावं ठेवली तरी मला ते सहन करता येतं, आणि त्यांच्या बोलण्याने माझी किंमत ठरत नाही, हे करून बघायला ती लावते.

तुमच्यासाठी याचं रूप असं. कारखान्यातून किंवा बाजारातून थोडा गर विकत घ्या, तुमच्या हाताने निवडा, छोट्या पिशव्या करा. शिरोड्याला, मालवणला, सावंतवाडीला जिथे तुम्हाला कुणी ओळखत नाही अशा दुकानांत जाऊन नमुना दाखवा आणि भाव विचारा. विकायचं नाही, फक्त विचारायचं. मोजून दहा ‘नाही’ गोळा करायचे. एखादा ‘हो’ आला तर तो बोनस. मग हेच वेंगुर्ल्याच्या बाजारात, जिथे ओळखतात तिथे. आणि वडिलांचा विषय निघाला तर नजर खाली न घालता म्हणा, ‘हो, बाबांचं कर्ज झालं होतं. आम्ही ते फेडलं.’ हे वाक्य घरी मोठ्याने म्हणून बघा. त्यातला दुसरा भाग लोक विसरतात, तुम्हीही पत्रात तो जवळजवळ विसरला आहात. कर्ज फेडलेलं घर आहे तुमचं. या एका गोष्टीचा अभिमान वाटायला हवा, ताई.

आता दिशेचं बोलू. ‘बाबांसारखं व्हायला नको’ ही भीती माणसाला खूप राबवते. पण फक्त तिच्यावर चालणारी माणसं मी बघितली आहेत. धोका जरा लांब गेला की त्यांचं काम थंडावतं, आणि धोका जवळ आला की चुकीचे निर्णय होतात. यशातही त्यांना चैन नसतं, कारण ती कुठे पोहोचायला निघालेलीच नसतात. म्हणून भीतीच्या पलीकडे काय आहे ते शोधावं लागतं. बहुतेक वेळा ते भीतीच्या आतच असतं, कारण ज्याची आपल्याला किंमत नाही त्याबद्दल आपण घाबरत नाही. तुमच्या पत्रात एक वाक्य आहे, कदाचित तुम्ही सहज लिहिलं असेल: ‘साल नीट निघालेला, न तुटलेला पांढरा गर ताटात जमला की मला फार बरं वाटतं, पण डबा दुसऱ्याच्या नावाचा असतो.’ पूर्ण पत्रात मोकळा श्वास घेतलेलं हे एकच वाक्य आहे. हे कागदावर मोठं लिहा आणि हिशेबाच्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा. निर्णय घेताना दोन्ही बघा. भीतीला विचारा, ‘काय तपासू?’ आणि या वाक्याला विचारा, ‘कुठे जाऊ?’ नुसत्या भीतीला विचारलंत तर ती पिशवीत अर्ज ठेवायला सांगेल. नुसत्या स्वप्नाला विचारलंत तर ते पहिल्याच वर्षी चार टन बी घ्यायला लावेल.

काही भीतींचं प्रेरणेत रूपांतर करायला जाऊ नये, तेही सांगते. घराचे कागद ठेवून घेणाऱ्या सावकाराची भीती वाटत असेल तर ती योग्य आहे, तिथे धाडस नको, पाय मागे घ्या. घरात मारहाण, धमकी असेल तर त्या भीतीवर मात करायची नसते, तिथून मदत घेऊन बाहेर पडायचं असतं. आणि भीती शरीराचा ताबाच घेत असेल तर, म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त झोप-भूक उडाली, कारण नसताना अचानक छाती दडपून जीव जातोय असं वाटलं, जगणं नको वाटलं, तर वर लिहिलेल्या पायऱ्यांनी भागणार नाही. डॉक्टरांना भेटा. मानसिक त्रासात फोनवर मदत करणारी सरकारची टेलिमानस सेवा 14416 या नंबरवर आहे, फुकट आहे, रात्रीही चालू असते, मराठीत बोलता येतं. रत्नागिरीच्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव काढलं की आपल्याकडे लोक अजून दचकतात. झोप लागत नाही म्हणून मानसोपचारतज्ज्ञाला दाखवणं हे ताप आला म्हणून डॉक्टरकडे जाण्याइतकंच साधं आहे. तुमच्या पत्रावरून मला तुमची स्थिती तिथपर्यंत गेलेली वाटत नाही, पण तीनची जाग अशीच राहिली तर थांबू नका.

शेवटी वेळेचं. बीचा हंगाम सुरू व्हायच्या आत वही वाचून झालेली असावी, आईशी बोलणं झालेलं असावं आणि दुकानदारांचे दहा ‘नाही’ गोळा झालेले असावेत. मग 400 किलो बी. गणपतीला चाकरमानी येतात, तेव्हा काजूला घरबसल्या गिऱ्हाईक असतं, तोवर पॅकिंग तयार ठेवा. दिवाळीनंतर बसून हिशेब करा: किती गर अख्खा निघाला, किती विकला गेला, किती उधारी अडकली, आणि ते सगळं करताना तुम्हाला कसं वाटलं. आकडे बरे असतील तर बँकेचा अर्ज पिशवीतून काढा, या वेळी सोबत स्वतःचा वर्षभराचा हिशेब असेल. आकडे बरे नसतील, किंवा आकडे बरे असूनही विकण्याची धावपळ तुम्हाला नकोशी झाली असेल, तर कारखान्यातली नोकरी चालू ठेवून दर हंगामात शंभर किलो गर स्वतःच्या नावाच्या डब्यात भरून विका. तोही धंदाच आहे, आणि त्याला बँकेचा एक रुपयाही लागत नाही.